दोन खुर्च्या आणि दोनशे पंधरा

सुभद्राबाई इंगोले कोणाचं काही विसरत नाहीत. सत्याण्णव साली शेजारच्या एकाने त्यांची कढई नेली आणि बुडाला पोचा पाडून परत आणली. ती कढई आजही त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेली आहे, पोचा बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे जाता-येता त्या शेजाऱ्याला दिसावा. तो शेजारी मीच. तेव्हा पुढची हकीगत खात्रीची समजा.

अमरावतीत राजापेठेला ट्यूशनची पोरं कमी नाहीत, आणि त्यांतल्या चाळीसेक पोरांचे डबे वीस वर्षं सुभद्राबाईंनी केले. डबे करणाऱ्या बाईला चव घ्यावी लागते. चाळीस डब्यांची चव वीस वर्षं घेतली तर बाईचं काय होतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. वजन ब्याण्णव किलो, रक्तात साखर, गुडघ्यात कुरकुर. पण या गोष्टीचं त्यांना काही वाटत नव्हतं. यजमान खुशालराव एसटीतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. त्यांना बोलू दिलं जात नाही असंही गल्लीत एक मत आहे.

वाटायला लागलं ते लेकीच्या, आरतीच्या लग्नात. फेब्रुवारी महिना, अकोल्याचं मंगल कार्यालय. विहीणबाई म्हणजे रागिणीबाई मोहोड, निवृत्त मुख्याध्यापिका, अंगाने उसाच्या टिपरीसारख्या. विहिणीची पंगत बसली. सुभद्राबाईंनी रिवाजाप्रमाणे विहिणीला आग्रह करकरून वाढलं, घामाघूम झाल्या, आणि शेवटी फोटोसाठी म्हणून तिच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकल्या. खुर्चीचा पाय वाकला. मोडला नाही हो, नुसता वाकला. पण रागिणीबाईंचा आवाज चौतीस वर्षं शाळेच्या मैदानावर घासलेला.

"अरे किशोर," त्यांनी भर पंगतीत मुलाला, म्हणजे नवरदेवालाच हाक दिली, "तुझ्या सासूबाईंना दोन खुर्च्या जोडून दे रे बाबा. एकीनं भागायचं नाही!"

पंगत हसली. आरती हसली नाही, पण तोंडावर पदर धरला, आणि पदराआड काय चाललं होतं ते आईला कळत नाही असं नाही. सुभद्राबाईही हसल्या. मी समोरच जिलबी खात बसलो होतो. ते हसू पाहून मी हातातली जिलबी खाली ठेवली, कारण कढई परत घेताना त्या असंच हसल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरला खुशालरावांनी चहा आणला. सुभद्राबाईंनी कप हातात धरला आणि म्हणाल्या, "हे शेवटचं गोड. लेकीच्या डोहाळजेवणाले ते बाई माह्या दारी येईन. त्या दिवशी तिले दोन खुर्च्यांवर नाही बसवलं तर नाव सांगणार नाही."

"अवं, पोरीची अजून सत्यनारायणाची पूजा व्हायची हाये," खुशालराव म्हणाले. एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवसापासून घरात भात, पोळी, भाकर, बटाटा, साखर, गूळ सगळं बंद. स्वतःपुरतं. पोरांच्या डब्यांची चव घ्यायला खुशालरावांना नेमलं. सुभद्राबाई अंडी, पनीर, मेथी, वांगं, दही यांवर राहू लागल्या आणि रोज पहाटे दसरा मैदानाला चार फेऱ्या मारू लागल्या. पाच महिन्यांत चौदा किलो उतरले. साखरेच्या डॉक्टरने दोनातली एक गोळी बंद केली. लग्नातला ब्लाउज आत घ्यावा लागला, तेव्हा त्यांनी शिंप्याकडून उरलेल्या कापडाचा तुकडा मागून घेतला. विहिणीला दाखवायला.

जुलैत तपासणी केली. लॅबवाल्याने रिपोर्ट फोनवर पाठवला. पहिल्या पानावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा: पूर्वी आठ पॉइंट एक होता, आता सहा. सुभद्राबाईंना एवढा आनंद झाला की दुसरं पान न उघडताच त्यांनी तो अख्खा रिपोर्ट 'इंगोले-मोहोड परिवार' या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आता एक खुर्ची पुरते.' ग्रुपवर त्रेचाळीस माणसं, त्यांत शेजारी म्हणून मीही.

मुख्याध्यापिका कधी पहिल्या पानावर थांबते का? वीस मिनिटांत उत्तर आलं. दुसऱ्या पानाचा फोटो, आणि त्यावर बोटाने काढलेले लाल गोल. एकूण कोलेस्टेरॉल दोनशे शहाण्णव. एलडीएल दोनशे पंधरा. खाली मजकूर: 'खुर्ची वाचली, पण रक्तात तूप वाहतंय. काळजी घ्या हं विहीणबाई. मी तर दिवसातून चार वेळा साखरेचा चहा पिते, मला काही नाही.'

चौदा जणांनी हसणारे चेहरे टाकले. कोणी कोणी टाकले ती नावं सुभद्राबाईंनी दुधाच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवली आहेत. माझं त्यात नाही. मी बोट आवरलं होतं.

तो रिपोर्ट घेऊन त्या गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर नीलम तायडे, परतवाड्याची पोरगी, वय पस्तिशीचं, बोलायला कोयत्यासारखी. मी बीपी मोजायला बसलो होतो, आणि मधला पडदा पातळ आहे हा काही माझा दोष नाही.

"हा आकडा खोटा हाये म्हणून लेहून द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "चौदा किलो उतरली मी. मोबाइलवर एक माणूस सांगते, असं खाणाऱ्याचं एलडीएल वाढलं तरी काई होत नाही म्हणून."

"काकू, तो माणूस तुमच्या छातीची जबाबदारी घेते का? नाही ना? मग बसा. आधी रिपोर्ट वाचता येते का पाहू. हे टोटल आहे ना, याच्याकडे सगळ्यात शेवटी पाहायचं. टोटल म्हणजे लग्नातली डोकी मोजणं. आशीर्वाद द्यायले कोण आलं अन् चपला न्यायले कोण आलं, ते त्यातून समजत नाही."

"चपला कोन नेते?"

"एलडीएल. दोनशे पंधरा. रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसते, साचते. हे खरं आहे, खोटं लिहून मिळणार नाही. एचडीएल हे घरचं माणूस, झाडझूड करून माल परत नेणारं. पंचेचाळीस होतं, आता बासष्ट. छान. अन् हे ट्रायग्लिसराइड. साखर, मैदा, भात जास्त झाला की लिव्हर त्याचं तेल करून रक्तात सोडते, ते हे. दोनशे चाळीसचं पंच्याण्णव झालं. हे तुम्ही भाकर-साखर सोडल्याचं फळ."

"म्हंजे दोन पास, एक नापास."

"नापास विषय मोठा आहे. वजन भराभर उतरत असलं तर काही दिवस हा आकडा चढून दिसू शकते, म्हणून वजन थांबल्यावर परत तपासू. पण त्याच्यावर सोडून देणार नाही मी. तूप किती खाता?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

मग सुभद्राबाईंनी सांगितलं, आणि इकडे माझं बीपी वाढलं. आपल्याकडे रोडग्याच्या पंगतीत गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा रोडगा कुस्करतात, मध्ये आळं करतात, आणि आळं भरेस्तोवर वाढपी तूप ओततो. बाईंनी रोडगा सोडला होता. आळं सोडलं नव्हतं. वांग्याच्या भाजीत आळं, मेथीत आळं, पनीरच्या भुरजीत आळं. वर सायीची वाटी.

"भाकर नाही म्हतल्यावर पोटाले आधार नको का?" त्या म्हणाल्या.

"आठवड्याले किती लागते?"

"एकटीले अर्धा किलो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं शिक्षण. त्यांनी कागदावर लिहून दिलं: तूप दिवसाला एक चमचा, तोही चहाचा. साय बंद. आधाराला मूठभर शेंगदाणे, मोड आलेले मूग, जवसाची चटणी, भाज्या दुप्पट, एका वेळेला अर्धी ज्वारीची भाकर. "आठ आठवडे. मग पाहू. साखर आहे तुम्हाला, त्यामुळे गोळी बहुतेक लागेलच. गोळी म्हणजे हार नाही."

"हार मी ठरवीन कोनाची ते," सुभद्राबाई उठता उठता म्हणाल्या. मग परत बसल्या. "बाई, मले एक सांगा. एखादी बाई कडकडीत वाळलेली असन, अन् चार खेपा साखरेचा चहा पेत असन, तर तिच्या कागदात काय निंगू शकते?"

"कोणती बाई?"

"असन एखादी."

डॉक्टरीणबाईंनी सुभद्राबाईंकडे नीट पाहिलं. "काहीच निघणार नाही, किंवा बरंच काही. बाहेरून वाळलेलं माणूस आतून वाळलेलं असतेच असं नाही. पण काकू, कागद भांडायले नसते."

"नाही वो. मी कायले भांडू?"

आठ आठवडे सुभद्राबाईंनी तुपाचा डबा माझ्या घरी ठेवला. मी तो त्यांना परत दिला तेव्हा हलका झाला होता. त्याबद्दल खिडकीत अजून काही टांगलेलं नाही. ऑक्टोबरात रिपोर्ट आला. एलडीएल एकशे छत्तीस, एचडीएल साठ, ट्रायग्लिसराइड नव्वद. तायडेबाईंनी पाठ थोपटली आणि गोळीही लिहिली: साखरवाल्याला एलडीएल शंभराच्या खाली पाहिजे, निम्म्याच्या वर वाट तुम्ही चालल्या, उरलेली गोळी चालेल. सुभद्राबाईंनी त्याच दिवशी गोळी सुरू केली. ग्रुपवर मात्र अक्षर टाकलं नाही.

टाकलं ते आठवडाभराने, रागिणीबाईंच्या वाढदिवसाला. 'आमच्या आदरणीय विहीणबाईंना अमरावतीकडून सर्व तपासण्यांची भेट. उद्या सकाळी सात वाजता अकोल्याच्या लॅबचा माणूस घरी येईल. रात्री जेवणानंतर फक्त पाणी घ्यावे.' त्रेचाळीस माणसांनी केक आणि फुलं पाठवली. आता नाही म्हणायची सोय नव्हती. 'मला काही नाही' असं जिने लिहिलं, तिने सुईला घाबरून कसं चालेल?

रिपोर्ट रागिणीबाईंनी स्वतःच टाकला. एकूण कोलेस्टेरॉलभोवती हिरवा गोल. 'एकशे शहात्तर! कुठे दोनशे शहाण्णव, कुठे एकशे शहात्तर!'

सुभद्राबाईंनी नमस्काराचे हात टाकले. मग रिपोर्ट छापून आणला, त्यावर लाल पेनाने गोल काढले, आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतला.

नोव्हेंबरात आरतीला सातवा लागला. डोहाळजेवण अमरावतीला, माहेरी. अंगणात मांडव, पुरणपोळीचा वास थेट राजापेठच्या पुलापर्यंत. रागिणीबाई अकोल्याहून गाडी करून आल्या. दारात बारीक झालेली विहीण पाहिली आणि पहिलंच वाक्य, "वा! वाळलात हो. पण आतलं कसं आहे?"

"या ना, बसा. तुमची जागा मांडून ठेवली हाये," सुभद्राबाई म्हणाल्या.

पंगतीच्या मधोमध दोन खुर्च्या. एकमेकींना चिकटवलेल्या, वर नवीकोरी चादर.

"हे काय? दोन कशाला?"

"एक तुमच्यासाठी, एक तुमच्या ट्रायग्लिसराइडसाठी. एकीनं भागत नाही वो त्याचं."

रागिणीबाईंनी ताट जरा सरकवलं तर खाली लॅमिनेट केलेला आपलाच रिपोर्ट. दोन लाल गोल.

"माझं टोटल एकशे शहात्तर आहे," त्या म्हणाल्या. आवाज अजून मैदानावरचा होता.

"टोटल म्हंजे डोकी मोजनं, मास्तरीणबाई. तुमी तर पोरांचे मार्क वाचले जन्मभर, एकूण गुण पाहून सोडून देत होत्या का? हे पाहा. ट्रायग्लिसराइड दोनशे पन्नास. दीडशेच्या खाली पाह्यजे. एचडीएल चौतीस. बाईमाणसाचं पन्नासाच्या वर पाह्यजे. अन् मागच्या पानावर तीन महिन्यांची साखर, सहा पॉइंट तीन. उंबरठ्यावर उभी हाये तुमची साखर, आत यायची वाट पाहून राहिली. चार खेपाच्या चहानं बोलावली तिले."

कोणीतरी फस्सकन हसलं. माझ्यावर आळ येतो, येऊ द्या. आरतीने पुन्हा तोंडावर पदर धरला, आणि यावेळी आई तिच्याकडे पाहून हसली.

रागिणीबाईंनी चष्मा लावला. कागद वाचला, दोन वेळा. मग एकच वार केला, "तुमचं एलडीएल किती आहे आता?"

"एकशे छत्तीस. अजून लालच हाये. त्याची गोळी चालू केली मी. तुमची कधी?"

वाढपी पुरणपोळी घेऊन आला. रिवाजाने पहिली पोळी विहिणीच्या ताटात, तीही आग्रहाने, नको नको म्हणेस्तोवर. सुभद्राबाईंनी वाढप्याचा हात धरला.

"या ताटात नाही."

आणि स्वतःच्या हाताने वाढलं: मेथीची भाजी, वांग्याचं भरीत, मोड आलेले मूग, काकडीची कोशिंबीर, अर्धी भाकर. तेही आग्रहाने. "घ्या ना विहीणबाई. अजून घ्या. आमच्याकडून काही कमी पडू नये." मांडवातल्या साठ बायका पुरणपोळी खात होत्या आणि दोन खुर्च्यांवर बसून रागिणीबाई मेथी चावत होत्या. चहा आला, बिनसाखरेचा. प्यायल्या.

निघताना गाडीत बसायच्या आधी त्या थांबल्या. मी फाटकापाशी उभा होतो, सहजच. त्या हळूच म्हणाल्या, शाळेचा आवाज कुठेतरी राहिला होता, "सुभद्राबाई, ते... नाश्त्याला पोहे चालतात का हो?"

सुभद्राबाईंनी ओटीचा नारळ त्यांच्या हातात दिला. "पोहे? फोन करजा उद्या. पाहून सांगीन."

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला अकोल्याहून फोन येतो. आज काय खाऊ, ज्वारीची चालेल की बाजरीची, केळ अर्धं की पूर्ण. तायडेबाईंनी सांगितलं की विहिणीला तिकडच्या डॉक्टरकडे पाठवा, ते सुभद्राबाईंनी तंतोतंत पाळलं. ती जाऊनही आली, साखर उतरायलाही लागली. फोन थांबला नाही. ओट्यावर तो वाजतो तेव्हा सुभद्राबाई बहुतेक मोकळ्याच असतात, मला खिडकीतून दिसतं. पोचा पडलेल्या कढईशेजारी उभ्या राहतात, फोनवरचं नाव वाचतात, पाच रिंगा वाजू देतात. मग उचलतात.

"हां, बोला विहीणबाई. चहात साखर नाही ना टाकली?"