थकलेल्या पेशीचा निरोप

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी काय करते हे आमच्या ब्राह्मणपुरीत सगळ्यांना ठाऊक आहे, माझ्यापेक्षा जरा जास्तच. आमची पोर हृदयाला नवी बॅटरी बसवते, असं माझ्या वडिलांनी, आबांनी, गावभर करून ठेवलंय. त्यामुळे सुट्टीत गेले की कुणी गुडघे दाखवतं, कुणी सासूच्या डोळ्यांचं विचारतं. खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

यंदा मात्र त्या बॅटरीची वाट आबाच पाहत होते. हृदय अशक्त झालंय, नांगराला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. पपईच्या लागवडीआधीची नांगरट राहिली होती आणि आबा स्वतःच जू उचलायला निघाले होते. आमच्याकडे कुणाचं अडलं, की बाकीचे आपापल्या बैलजोड्या घेऊन त्याच्या शेतात उतरतात. जेवण त्या घरचं. आबा जन्मभर सगळ्यांकडे गेले, पण स्वतः कधी कुणाला बोलावलं नाही. समजावून समजावून आईच्या तोंडाला फेस आला. मी तर पार घाबरले होते.

ओट्यावर शेंगा फोडता फोडता मी त्यांना सरळ सांगितलं, की आमचं काम अजून काचेच्या बशीत आणि उंदरांवर चाललंय, तुमच्यापर्यंत यायला वेळ आहे. त्यांचा चेहरा पडला. मग नेमकं करता तरी काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पेशीला शक्ती पुरवणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. दुखावलेल्या पेशीतले ते बंद पडले, की कधी शेजारची स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, एक बारीकशी नळी पुढे करते आणि आपल्यातले थोडे तिला देते. मरायला टेकलेली पेशी पुन्हा कामाला लागते. हे तर आपल्या जोड्यांसारखंच झालं, म्हणत आबा खुलले आणि त्या शेजारच्या पेशीला हे कळतं कसं, ते आमच्या अहिराणीत विचारू लागले.

"पन तिले कसं कयस, शेजारीन थकी गई म्हनीसन?"

"थकेल पेशीच निरोप धाडस, आबा."

मी काही टोमणा मारला नव्हता, पेशींचं तसंच असतं. पण आबांनी तो स्वतःवर घेतला. शेंगा बाजूला सारून त्यांनी शेजारच्या काकांना फोन लावला.

"भाऊ, मन्हाघाई व्हत नही आते. जोडी लई ये."

बोलावलं होतं एकालाच. सकाळी अख्खी गल्ली जोड्या घेऊन बांधावर हजर. आबांना रडू आवरेना. मग डोळे पुसून ते बांधावर बसले आणि कुणाचं जू वाकडं बसलंय ते ओरडून सांगायला लागले.