सुरगाठ

हे मी आजवर कुणाला, घरातसुद्धा, सांगितलेलं नाही. धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप गावच्या ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे होतं. त्या दुपारी निरोप आला. दरवेळचंच म्हणून मी तो टाकला नाही. सांज व्हायच्या आत पाणी गावात शिरलं. माणसं माळावर पळाली. समोरच्या दूधवाल्याच्या तिन्ही म्हशी मात्र खुंट्यालाच बुडाल्या. छातीभर पाण्यात उभं राहूनही त्याला ओल्या दाव्याची निरगाठ सुटली नाही.

तेव्हापासून तो खांद्यावर दोरीचा तुकडा टाकूनच हिंडतो. कुणाच्याही गोठ्यात न विचारता शिरतो, दावं सोडतो आणि सुरगाठीनं पुन्हा बांधतो.

"आरं, अशानं म्हैस पळंल की!" एक म्हातारी ओरडली.

"पळू दे, मावशी. ही लगीनगाठ न्हाई. सुटायलाच पाहिजे."

लोक हसले, पण आता गावातल्या एकाही गोठ्यात निरगाठ नाही.

परवा तो माझ्या ओसरीवर आला. "बांधा, गुरुजी."

मी ती दोरी खांबाला सुरगाठीनं बांधली. त्यानं एक हिसका दिला, गाठ सुटली. दोरी गुंडाळत तो खाली बघूनच म्हणाला, "मला तवाच ही येत असती, तर जनावरं वाचली असती. चूक माझीच हाय."

मी त्याला चहा विचारला.

एक वाक्य मी त्याचं देणं लागतो: चूक तुझी नव्हती, निरोप माझ्याकडे दुपारीच आला होता.