लाव्याच्या झुंजीसाठी मेलेली आई

आमच्या कोश्तूत गावात सोतवोल्दीइतका कुचकामी माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. आमच्या दोन घरांत एकच मातीची भिंत. बायको मुहाब्बत पहाटे तंदूर पेटवणार, नान भाजून बाजारात विकणार, आणि हे महाशय दिवसभर झुंजीच्या लावा पक्ष्यांना गोंजारत बसणार. भोपळ्याच्या पिंजऱ्यात लावे, अंगरख्याच्या बाहीत लावा, जेवताना मांडीवर लावा. पोटच्या पोरांना त्याने कधी एवढं जवळ घेतलं नाही.

त्याची आई ताजीखोन खाला आणि धाकटा भाऊ कोमिल कालव्याच्या पलीकडे राहत. पूर्वी चहा उकळेपर्यंत पुलावरून जाऊन येता यायचं. मग दोन देशांचं बिनसलं, काठाने काटेरी कुंपण आलं, पुलावर फाटक बसलं. आईबाप किंवा सख्खं भावंड मेल्याची शिक्क्याची तार असेल तरच पलीकडे सोडत. जिवंत माणसाला भेटायची बंदी, मुडद्याला भेटायची मुभा! ज्याने हा नियम काढला, त्याच्या अकलेची मला कीव येते.

त्या वसंतात पलीकडे लाव्यांच्या मोठ्या झुंजी ठरल्या. सोतवोल्दी रोज फाटकापर्यंत जाऊन परत येऊ लागला. जायचं तर कुणाला तरी मारायला हवं. कोमिल तरणाताठा, त्याला मारायला याचं मन धजेना. आई काय, तशीही म्हातारीच! पलीकडच्या एका लावेबाज दोस्ताने कुणाचे तरी हात ओले केले आणि आई वारल्याची तार धाडली.

दीडशहाण्याच्या डोक्यात एक गोष्ट आलीच नाही. आमच्याकडे अशी तार घरात पोचण्याआधी गल्लीत पोचते. टपालवाला कोपऱ्यावर रडला, तशी सगळी गल्ली रडत याच्या दारात. आता खोटं आहे म्हणावं तर तुरुंग. मग काय, याने शोकाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला रुमाल बांधला, हातात काठी घेतली आणि दारात उभा राहून "आई गंऽ" म्हणून गळा काढला. मीसुद्धा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. मुल्लांनी दुवा केली, मेंढी कापली, कढईभर पुलाव झाला. संध्याकाळी हा बाहीत लावा लपवून फाटकातून गेला. पहारेकऱ्यांनी याचं सांत्वनही केलं म्हणे.

पलीकडे जाऊन हा आईच्या घरी फिरकलासुद्धा नाही. म्हातारीला स्वतःच्या मरणाची बातमी बाजारात कळली. हा परतल्यावर ती काठी टेकत कालव्यावर आली. कालवा अरुंद, त्यामुळे कुंपणापलीकडचं सगळं ऐकू येतं.

"ए इनोम!" तिने मलाच आधी धरलं. "माझ्या मौतीचा पुलाव कसा होता?"

"मीठ जरा कमी पडलं, खाला," मी मान खाली घालून म्हणालो.

"आणि तो कुठाय, माझा शोक करणारा?"

सोतवोल्दी तुतीच्या झाडामागून बाहेर आला. "आई, अगं, झुंज होती..."

"जिंकला का तुझा पहिलवान?"

"पळाला."

"मग मालकावरच गेलाय."

दोन्ही काठांवरच्या बायका हसल्या. ती मात्र हसली नाही. सोतवोल्दीच्या आधी तिची तीन मुलं गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा तिने त्याला खिडकीतून शेजारणीच्या हाती दिला आणि मापभर कोंडा देऊन परत विकत घेतला, मौतीला ओळखू येऊ नये म्हणून. त्याच्या नावाचा अर्थच 'विकत घेतलेला' असा आहे.

"तुला लपवायला मी मौतीशी खोटं बोलले," ती म्हणाली. "आणि तू तिला माझाच पत्ता दिलास? आता खरंच मेले तर कसा येशील रे मला माती द्यायला?"

"तोवर फाटक उघडेल गं!" हा म्हणाला. आईच्या मातीचा प्रश्न, आणि हा नालायक हसत होता.

फाटक उघडलं नाही. थंडीत म्हातारी गेली आणि खरी तार आली. या खेपेला गल्लीतून कुणी उठलं नाही. एका बाईचा शोक दोनदा करायची रीत आमच्याकडे नाही. सोतवोल्दी माझ्या दारात आला. त्याला मी इतका पांढराफटक कधी पाहिला नव्हता. एकटा जायची छाती नव्हती, म्हणून मी सोबत फाटकावर गेलो.

पहारेकऱ्याने तार वाचली. "तुझी आई तर वसंतात मेली. मीच सोडलं होतं तुला. माणसाला आया किती असतात?"

मी त्याला कोपराने ढोसलं. "सांग खरं. आत टाकतील, टाकू देत. पण आधी मातीला जाऊ द्या म्हणून पाय धर."

त्याने ओठ चाटले. "चुकून आली असेल साहेब," तो म्हणाला आणि वळला. मला त्याची अशी शिसारी आली की तिथेच ढकलून द्यावंसं वाटलं.

आम्ही कालव्याच्या काठाने परतत होतो तेवढ्यात पलीकडून म्हातारीचा जनाजा निघाला. कोमिल पुढे, खांदेकरी भराभर बदलत होते. सोतवोल्दी कुंपणाला धरून उभा राहिला. तोंडातून आवाज फुटायच्या बेतात होता. तेवढ्यात गस्तीचा शिपाई आमच्यामागे येऊन थांबला. तरुण होता, बोलायला मऊ. त्याने टोपी काढली.

"कोण गेलं, अका?" थोरल्या भावाला विचारावं तसं त्याने विचारलं.

सोतवोल्दीने कुंपण सोडलं आणि बाहीने तोंड पुसलं.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "असेल कुणाची तरी म्हातारी."