हिंगोलीचा गुण

"भाऊ, माझा एक गुण कमी करा." एका दुपारी माझ्या दुकानात सरांचं हे वाक्य. बाकीचे सगळे गुण वाढवून घ्यायला फोन करतात, आणि नाही वाढवला तर माझा उद्धार करतात. स्वतःचा गुण कापा म्हणणारा हा एकच माणूस मी पाहिला.

हिंगोलीत स्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. हौशी रेडिओवाल्यांच्या एका मंडळाचं काम सरांनीच मला आणून दिलं. ही माणसं घरबसल्या बिनतारी सेटवरून एकमेकांशी बोलतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या कुणाशी तरी सेटवर बोलणं झालं की पुरस्कार. जिल्ह्यामागे एक गुण. गुण कॉम्प्युटर देतो, त्याच्या चुका मी निस्तरतो.

सर सेनगावकडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी पुण्याला. सेटवर बोलायची सवय इतकी, की चहावाल्यालाही "दोन कट, एक बिनसाखरेचा, ओव्हर" म्हणायचे आणि तो "बरं" म्हणेपर्यंत गप्प उभे राहायचे. गिऱ्हाईकं हसायची. मीही हसायचो.

त्या दुपारी स्क्रीनवर सरांचे सगळे जिल्हे भरलेले दिसले. मी पेढे मागवायला निघालो, तर सर म्हणाले, "थांबा. हिंगोली कोणाशी बोलल्याची धरली?"

जवळा बाजार गावच्या त्यांच्या दोस्ताशी बोलल्याची धरली होती. दोघांनी तरुणपणी रेडिओच्या लायसनची परीक्षा बरोबरच दिलेली. दोस्त आता हयात नव्हते, पण त्या जुन्या बोलण्याची नोंद होती.

"हे चुकलं. तवा जवळा परभणी जिल्ह्यात होता. ज्या दिवशी बोललो त्या दिवशीचा जिल्हा धरायचा, असा नियम हाय."

"सर, जवळा तिथंच आहे ना? कुठं सरकला का?"

"जवळा न्हाई सरकला. पण हिंगोली जिल्हा तवा नव्हताच, तर त्याच्याशी बोललो कसा?"

"मग जिल्हा झाल्यावर परत का नाही बोललात त्यांच्याशी?"

"दर बाजाराला भेटून राहिलो होतो की. समोर बसून बोलायचो. सेटवर कशाला बोलायचं?"

मी गुण कापला. आता त्यांना हिंगोलीतूनच कुणीतरी हवं होतं, आणि सेटवर बोलणारं जिल्ह्यात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"तुमी लायसन काढा, भाऊ. तुमी एकदा बोलले की झालं माझं."

मला रेडिओतला 'र' येत नव्हता. पण म्हाताऱ्याचं तोंड बघवेना. सर रोज दुपारी येऊन शिकवू लागले. चुकलो की "काहून घाई करून राहिले?" म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कटकट वाटायची, खोटं कशाला बोलू? पण पास झालो. लायसनचा कागद यायला मात्र वेळ लागतो.

"आलं का?" सरांचं रोजचं विचारणं सुरू झालं.

पोळ्यानंतर त्यांना नांदेडला दवाखान्यात हलवलं. भेटायला गेलो तर नाकात नळी.

"आलं का?"

"येईलच, सर."

"घाई न्हाई," म्हणाले. घाई होती हो त्यांना. मला दिसत होती.

लायसन आलं ते सरांच्या तेराव्यानंतर. मुलीनं त्यांचा सेट माझ्याकडे दिला. पहिल्यांदा बोललो तर सरांशी कधी गाठ न पडलेले गडचिरोलीचे एक जण आनंदानं ओरडलेच, "हिंगोली? अहो, कधीपासून शोधतोय मी!" त्यांचा पुरस्कार माझ्यामुळे पूर्ण झाला. मला फार वाईट वाटलं.

सरांच्या नावापुढं फक्त हिंगोली रिकामी आहे. कॉम्प्युटर माझा, पासवर्ड माझा, विचारायला येणारं कुणी नाही. एकदा गुण भरायला बोट नेलंही होतं. मन धजावलं नाही.

रोज दुपारी ते माझ्या दुकानात बसून माझ्याशी बोलायचे. पण मंडळाच्या हिशेबात, हिंगोलीतलं कुणी सरांशी कधी बोललेलंच नाही.