संकल्पात काय उच्चारू?

वडिलांच्या अस्थी गोदावरीत सोडून मी नांदेडच्या घाटावर ओल्या धोतरानिशी उभा होतो. निजामी अमदानी होती. अणदूरहून निघून येडशीला गाडी धरली आणि लातूरहून पुढे मोटारीने आलो होतो. शेजारी एक वृद्ध शीख नामस्मरण करीत घागर भरत होते. ती गुरुद्वाऱ्यात गुरूंच्या स्थानाच्या स्नानासाठी रोज नेतात, असे कळले. ज्या पाण्यात पित्याला निरोप दिला, तेच ते पाणी. मी घागरीमागून चालू लागलो.

दाराशी मी पागोटे उतरवून हाती घेतले. आमच्या गाभाऱ्यात मस्तक उघडे लागते. सेवेकऱ्याने हात जोडून अडवले.

"पंडितजी, पगडी हाथ में नहीं, सर पे!"

तो हसला, मीही हसलो. आत ग्रंथावर चवरी ढाळली जात होती. कीर्तनात 'हरी' आले, 'गोविंद' आले. विष्णुसहस्रनामावर वाढलेल्या मला त्यात परके काय वाटावे? ओंजळीत कणकेचा, तुपाने निथळणारा प्रसाद पडला. मग लंगरच्या, सर्वांना खुल्या, पंगतीत बसून जेवलो.

ही वार्ता माझ्याआधी गावी पोहोचली. खंडोबाच्या देवळात चातुर्मासात पुराण सांगण्याचा मान वडिलांमागून मजकडे आला होता; तो आता पणाला लागला.

"शास्त्रीबुवा, पंगतीत शेजारी कोण होतं?" सभामंडपात ज्येष्ठ वैदिकांनी विचारले.

"विचारलं नाही. तिथं विचारत नाहीत."

"म्हणून तर म्हणतो, प्रायश्चित्त घ्या. पळीभर पंचगव्य, अन् विषय मिटला. इतकं काय त्यात?"

"घेतो. पण संकल्पात दोषाचा उच्चार करावा लागतो. कोणता करू? देवाचा प्रसाद भक्षण केला, हा?"

मी रिकामी ओंजळ पुढे केली.

"हाती उदक घेऊन असत्य बोलणं मला जमायचं नाही."

"मग पुराण विसरा!"

"देऊळ तुमच्या ताब्यात आहे. पुराण माझ्या मुखात आहे."

चातुर्मास लागला त्या दिवशी मी स्वतःच्या ओसरीवर पोथीचे वेष्टन सोडले. समोर केवळ पत्नी होती. मी आवाज मात्र देवळातल्याइतकाच लावला. हळूहळू श्रोते वाढले. एका सायंकाळी अंगणाबाहेरून कोणी विचारले, "बुवा, आमी कुठं बसावं?"

"जागा दिसेल तिथं," मी म्हणालो आणि पुढचा श्लोक लावला.