दशांशाचा हट्ट

माझ्या मावसभावाइतका अपूर्णांकांवर जीव टाकणारा माणूस साऱ्या हिंगोली जिल्ह्यात सापडणार नाही. मावशीने "अर्धी भाकरी वाढू का?" म्हटलं तरी हा विचारी, "अर्धी म्हंजे बराबर किती?" पुण्याची नोकरी सोडून तो आमच्या गावी, हट्ट्याला आला, तो हळद शिजवायच्या कुकरचं तापमान दाखवणारं स्वस्त यंत्र करायला. त्यातली चिप इतकी साधी, की पूर्ण आकड्यांपलीकडे तिला काही कळत नसे. दशांशाचा हिशोब सॉफ्टवेअरने शिकवायचा, म्हणून त्याने आख्खा कंपायलरच, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअरच, नव्याने बांधायला घेतला. जुना लॅपटॉप तासन्‌तास घरघरे, मध्येच वीज जाई, बॅटरी तर केव्हाच मेलेली. सगळं पार पडलंच, तर शेवटी चूक निघे: प्रोग्रामचे काही तुकडे दशांश एका रीतीने देत, उरलेले दुसऱ्या रीतीने मागत. "सोयरीक जुळंना," म्हणत तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. "पूर्ण आकडाच दाखव की," असं मी एकदा सुचवलं, तर आठवडाभर अबोला.

त्याच्यासाठी जिल्ह्यातल्याच गोरेगावला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा तिच्या मामांनी विचारलं, "सध्या काय करून राहिले तुमी?" याने चिपपासून सुरुवात केली. चहावर साय धरली, मामा पेंगू लागले. मुलगी मात्र ऐकत होती.

"मग दुसरी चिप काहून घेत न्हाई?" तिने विचारलं.

"महाग पडती. गावात कोणी घेणार न्हाई," तो म्हणाला आणि आयुष्यात प्रथमच एवढ्यावर थांबला. परतताना जीपमध्ये तो स्वतःशीच हसत होता.

तिकडून होकार आला. मावशीने विचारलं, "काय कळवू?"

"एवढं कंपाइल होऊ दे. मग सोता जाऊन सांगतो." त्याला तिच्यापुढे चालतं यंत्र ठेवायचं होतं. मावशीने निरोप लांबवला, पुन्हा लांबवला.

एका सकाळी चूक आली नाही. यंत्रावर दशांशासकट तापमान उमटलं. त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि यंत्र पिशवीत घालून माझ्या दारात आला. "चल, गोरेगावला." मागोमाग मावशी आली, धापा टाकत.

"तिचं जमलं रे दुसरीकडं. काल सुपारी फुटली. तुला कसं सांगावं, कळंना."

त्याने पिशवी हळूच खाली ठेवली. "बराबर हाय," तो म्हणाला. "माणसानं किती थांबावं."

आता गावातल्या बऱ्याच कुकरांवर त्याचं यंत्र आहे. परवा गेलो तर लॅपटॉप मिटलेला, आणि हा ओट्यावर मावशीसोबत शेंगा सोलत बसलेला.

"आज काम न्हाई काय?"

"हाय की. होईल सावकाश."

 मावशीने सोललेले दाणे त्याच्याकडे सरकवले. इतका वेळ तिच्याजवळ बसलेला तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.