"कडू लागतंय ना? मग इख न्हाई"

माझी मावसबहीण सुरेखा यंदा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गेली. चावली मण्यार, पण मरू दिलं गावानं. नेकनूरजवळच्या तिच्या सासरी, मारुतीच्या पारावर, दिवसाढवळ्या.

अंगात येणं, संकेत मिळणं... असलं काही कुणी बोललं की मी भांडायला उठते. सर्पदंशावरची पत्रकं वाटत जिल्हाभर फिरते मी! तरी हे लिहितेय.

त्या सकाळी मी माजलगावच्या मोंढ्यात, बाजारातल्या चहाच्या टपरीवर होते. चहाचा घोट घेतला आणि थुंकलाच — कडूजहर!

"मामा, चहात काय घातलंय?"

"साखर, ताई. जरा जास्तच पडली."

सोबतच्या रेश्मानं माझाच कप ओढून संपवला. "गोड हाय की! भाषणं ठोकून तुझंच तोंड कडू झालंय."

पाणी प्यायले, पेढा खाल्ला... कडूच. कडुलिंबाचा पाला चघळल्यासारखं. दुपारी बीडच्या बसमध्ये बसले आणि ती चव एकदम गेली. जीभ नुसती बधिर.

बीडला उतरले तर सुरेखाच्या जावेचा फोन.

सुरेखा जमिनीवर झोपलेली. पहाटे पोटदुखीनं उठली, पापण्या मिटायला लागल्या. अंथरुणाखाली साप निघाला — काळा, अंगावर पांढरे जोडपट्टे. सासरे म्हणाले, "फणा कुठाय? बिनविषारी हाय." अहो, मण्यारीला फणा नसतोच! तिचा चावा दुखतही नाही, खूण दिसत नाही, म्हणून तर माणूस फसतो. पण गावाची रीत — पारावर बसवून लिंबाचा पाला चारायचा. कडू लागला तर विष नाही.

"कडू लागतंय का गं?"

"लई कडू..."

"मग इख न्हाई. बस निवांत."

असं करत दुपार केली. "आता कायच लागंना," ती पुटपुटली, तेव्हा कुठं जीप काढली. वाटेतच गेली.

जावेनं हे सांगितलं आणि मला माझा सकाळचा चहा आठवला. पित्त म्हणा, योगायोग म्हणा. दुसऱ्या कुणाला मीही तेच म्हणाले असते. चव पोचली, मग हाक का नाही पोचली? एक फोन केला असता गं मी, सुरेखा...

वाचून हळहळू नका. आज जमिनीवर झोपणाऱ्याला खाटेवर घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचा. आणि साप चावला तर सरकारी दवाखान्यात कुणाची गाडी नेणार, चालवणार कोण — आत्ता उठा, शेजारी जा, ठरवून या.